कोरडा दिवस

आठवड्यातला एक दिवस कोरडा पाळा,
असं मी एकवीस वर्षं सांगत आलोय
अशा गावाला
जिथं बरणीतलं मीठसुद्धा ओलं असतं.

बुधवारी खाडीच्या पुलाला सायकल टेकवून
वाडीत उतरतो. पिशवीत
काचपट्ट्या, सुया, कापूस, बॅटरी,
आणि भोकाच्या झाकणाच्या बरणीत
पन्नासेक गप्पी, हिंदकळून वैतागलेले.
करवंट्या उपड्या करा.
टायरला भोक पाडा.
ओढून ठेवलेल्या होडीतलं पाणी उपसा.
अबोलीच्या कुंडीखालची ताटली, हो, तीपण.
पोरं मागून माझ्याच आवाजात ओरडत येतात.

ताप असेल त्याचं बोट धरतो,
टोचतो, थेंब काचेवर पसरतो.
रोझी आजी म्हणते,
डास बरो रे तुझ्यापेक्षा,
तो नाव-वय तरी इचारणा नाय.

काजूच्या बागेतून बायका येतात,
मानेवर, कोपरात हुमले डसलेले.
गांधिलानं भुवई फुगवलेला एखादा पाडेली,
एका डोळ्यानं हसत.
कुणी चुना थापलेला, कुणी बिडीची राख,
कुणी कोयतीचं पातं घासून आलेला.
ओरडत नाही मी.
माझ्याही पायावर आईनं विळा घासला होता,
आणि खरं सांगायचं तर, बरं वाटलं होतं.
साबणानं धुवा, म्हणतो. गार पाण्याचा फडका.
खाजवू नका (हे कुणी ऐकत नाही,
मी स्वतःही नाही).
मधमाशीचा काटा राहिला तर लगेच खरवडा,
चिमटीत धरायच्या नादात वेळ घालवू नका.
आणि ओठ सुजले, श्वास घरघरला,
तर मला शोधत बसू नका. गाडी शोधा.

इनास लोबोचं घर शेवटचं.
न्हाणीजवळ काळ्या दगडाची डोण,
काठोकाठ. बॅटरी मारली
तर आत अळ्यांची जत्रा.
मी डोणीला हात घातला
आणि त्यानं माझं मनगट धरलं.
वतू नको.
ह्या पाणी मोनिकान भरलेला.

मोनिकाला जाऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते.
विहिरीपासून डोणीपर्यंत
तिच्या घागरीच्या थेंबांची वाट
कधीच वाळून गेली होती.

कायदा माझ्या बाजूनं होता.
शेजारी दोन घरांत तापाची पोरं होती.
रजिस्टरात रकाना एकच: रिकामे केले, होय / नाही.
मी बरणीचं झाकण उघडलं
आणि बारा गप्पी सोडले.
आम्ही दोघं उकिडवे बसून बघत राहिलो.
पहिला गप्पी थोडा बिचकला,
मग अळी गिळली त्यानं,
मग दुसरी. इनास म्हणाला, भुको हा रे.

पुढच्या बुधवारी डोणीत अळी नव्हती.
पंचाईत वेगळीच. मासे खाणार काय?
इनास करवंटी घेऊन घरोघर फिरत होता
अळ्या मागत.
रोझी आजीच्या माडाखालून,
मशिदीमागच्या फुटक्या पिंपातून,
जिथं माझा हात एकवीस वर्षांत पोचला नाही
त्या शाळेच्या पन्हळीतूनही.
आमच्याकडे आता नाही रे, म्हणायला
लोकांना लाज वाटायला लागली,
जसं चहाला साखर नाही म्हणावं.

उन्हानं डोण आटते.
तो रोज वरून तांब्याभर घालतो विहिरीचं.
आता त्यातलं तिचं किती उरलंय,
हा हिशेब मी करत नाही, तोही करत नाही.
परवा म्हणाला, पिल्लां झाली हत,
तुझ्या बरणीत घाल थोडी,
खालच्या वाडीक लागतीत.

मोजून वीस दिली त्यानं.
मग बोटानं माझ्या कानामागे चापट मारली.
डास, म्हणाला.
तळहातावर रक्त होतं.
कुणाचं, ते दोघांनाही कळलं नाही.